सतरा नंबरचं निरंक

"मॅडम, तुमचं मशीन कधी 'मला माहीत नाही' असं म्हणतं का?"

शलाका पिंपळशेंडेनं प्रश्न विचारला आणि सात नंबर वसाहतीच्या शाळेचा अख्खा हॉल मान वळवून तिच्याकडे पाहायला लागला. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच, मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. भूसुरक्षा कार्यालयाच्या इंजिनिअर आसुटकर मॅडम वीस मिनिटं एकच सांगत होत्या की त्यांचं 'भूकान' कधी चुकत नाही. तेव्हा मोनल फुलझेले तिच्या कानात कुजबुजली होती, "एवढं शहाणं आहे तर विचार ना, त्याला कधी काही माहीत नसतं का? भर सभेत विचारलंस तर आठवडाभर तर्री-पोहे माझ्याकडून." पलीकडून सादिया म्हणाली, "नाही विचारणार ही. फाटते हिची."

मागच्या वर्षीची शलाका असती तर खरंच फाटली असती. ती शलाका हजेरीला 'उपस्थित' म्हणताना सुद्धा लाल व्हायची. पण दहावीत आल्यापासून पोरगी बदलली होती. जिल्ह्याच्या कोडिंग स्पर्धेत दुसरी आली, वेणी कापून केस मानेपर्यंत आणले, आणि आपला आवाज स्वतःलाच आवडतो असा शोध तिला लागला.

आसुटकर मॅडम हसल्या. "नाही म्हणत. भूकानाला रोज दोनशे बारा ठिकाणांहून आकडे येतात. दोनशे बाराच्या दोनशे बारा. एकही जागा रिकामी नसते. मग माहीत नाही म्हणायची वेळ येणार कशी?" मग त्यांनी शलाकाकडे जरा निरखून पाहिलं. "कोड लिहितेस? मग ऐक. रोजचे आकडे आमच्या साइटवर सगळ्यांना खुले असतात. उतरवून घे. त्यात एक जरी 'माहीत नाही' सापडलं, तर मला थेट फोन करायचा." आणि त्यांनी फळ्यावर चक्क आपला नंबर लिहिला.

पोहे तर जिंकलेच. वरून पैजेवर पैज लागली.

आता हे भूकान म्हणजे काय, ते सात नंबरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वसाहतीच्या पोटात सात नंबरची जुनी कोळसा खदान होती. माणसं आत जाऊन कोळसा काढत तेव्हाची. सगळा कोळसा काढला तर छत डोक्यावर येईल, म्हणून मध्येमध्ये कोळशाचेच खांब सोडून दिलेले. खदान बंद झाली, पाणी भरलं, वर क्वार्टर झाले, शाळा झाली, बाजार झाला. खाली मात्र ते खांब वर्षानुवर्षं झिजत राहिले. एखादा खांब बसला की त्याच्यावरचं छत बसतं, छताच्या वरची माती बसते, आणि एक दिवस कुणाच्या तरी न्हाणीघराची भिंत जमिनीत जाते. दोन गल्ल्या तशा गेल्या तेव्हा भूकान आलं. वसाहतभर जमिनीत काचेच्या धाग्याची केबल पुरली. तिच्यातून लेझरचा प्रकाश धावतो. जमीन केसाएवढी जरी ताणली गेली, तरी प्रकाशाच्या परतीत फरक पडतो, आणि भूकान तो ऐकतं. रोज सकाळी चौकातल्या पाटीवर रंग येतो. हिरवा असला तर शाळा, बाजार, लग्न, काय हवं ते करा. पिवळ्याला गर्दी नको. लाल झाला की भोंगा वाजतो, आणि कुठल्या रस्त्यानं पळायचं हेही भूकानच ठरवतं.

फक्त पूर्वेच्या पट्ट्यात, शाळेच्या मैदानाखाली आणि त्यापुढच्या गल्ल्यांखाली, केबल टिकत नव्हती. तिथं खाली कोळशाची आग कित्येक वर्षं धुमसत होती, धागा वितळून जायचा. म्हणून त्या भागात जुन्या पद्धतीचे पाइप होते, जमिनीत खोलवर उभे. निरीक्षक यायचा, झाकण उघडायचा, टेपच्या टोकाचं वजन आत सोडायचा. खाली बसवलेल्या लोहचुंबकाच्या कडीपाशी वजन पोचलं की हातातला डबा टीं वाजायचा. कडी कालच्यापेक्षा किती मिलिमीटर खाली गेली, तो आकडा फोनवर भरायचा. झालं काम.

आणि शाळेच्या बाजूची निरीक्षक होती शलाकाची आई, प्रणिता.

शनिवारी दुपारी एक वाजता शलाका जेवणाच्या ताटाशेजारी टॅब उघडून बसली होती. चार वाजता शाळेचं स्नेहसंमेलन. मैदानावर मंडप, सहाशे माणसं, मोनलचा मुख्य डान्स. बाबा सकाळपासून खुर्च्या लावायला गेले होते. शलाकाला डान्समध्ये घेतलं नव्हतं, कारण ती मोजून चार पावलांत पाच चुका करायची, त्यामुळे तिच्याकडे वेळच वेळ होता.

तिनं एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं चाळणी.

भूकानाकडे येणारा प्रत्येक निरोप जेसन नावाच्या पद्धतीनं लिहिलेला असतो. महिरपी कंस, त्यात नाव आणि नावापुढे किंमत. 'बिंदू' पुढे १२, 'वेळ' पुढे वेळ, 'हालचाल' पुढे आकडा. वाचायला सोपं, पण त्यात कुणी काहीही लिहू शकतं. आकड्याच्या जागी कविता लिहिली तरी जेसन तक्रार करत नाही. तक्रार करायची ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं. आणि शलाका ज्या भाषेत लिहायची ती भाषा तक्रारीत नंबर एक. कोडिंग क्लबनं तिचं नाव ठेवलं होतं खडूस आत्या. या आत्याला प्रत्येक डब्याचा प्रकार आधी सांगावा लागतो. हा डबा आकड्याचा, हा अक्षरांचा, हा वेळेचा. आकड्याच्या डब्यात अक्षर घालायला गेलं की आत्या हात धरते. एवढंच नाही, आकडा कदाचित येणारच नाही असं म्हटलं, तर आत्या विचारते, आला तर काय करशील ते सांगितलंस, नाही आला तर काय करशील? दोन्हीचं उत्तर दिल्याशिवाय प्रोग्रॅम चालूच होऊ देत नाही.

तिनं आजचे दोनशे बारा निरोप चाळणीत ओतले.

पहिले सोळा सरळ गेले. मग आत्या थांबली.

'बिंदू १७. हालचाल: इथे आकडा हवा होता. मिळाला शब्द: निरंक.'

शलाकानं तोंडातला घास तसाच ठेवला. पुढे बिंदू १८. निरंक. १९. निरंक. २०. निरंक. तिनं यादी शेवटपर्यंत जाऊ दिली. एकशे एक्याऐंशी निरोप पास, एकतीस नापास. एकतीसच्या एकतीस ठिकाणी तोच शब्द.

"आईऽऽ!" ती आनंदानं किंचाळली. "मी जिंकले! मॅडम हरल्या!"

प्रणिता आरशापुढे साडीला पिन लावत होती. "काय झालं व ओरडायला?"

"भूकानाला एकतीस जागी आकडाच येत नाही. नुसतं निरंक येतं. पण पाटी तर हिरवी आहे. म्हणजे भूकान निरंकचं काय करतं?" बोलता बोलता तिनं कार्यालयाच्या साइटवरच असलेला जुना नियम उघडला. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला, दोन ओळींचा. 'आकड्याच्या जागी शब्द आल्यास शून्य धरावे व पुढे जावे.' तिनं तो मोठ्यानं वाचला आणि वाचता वाचता तिचा आवाज उतरला. "शून्य म्हणजे जमीन हललीच नाही."

"मग? निरंक म्हणजे तेच ना."

"आई, सतरा नंबर तुझा आहे."

प्रणिताच्या हातातली पिन तशीच राहिली. "तू माझे रिपोर्ट तपासून राहिली?"

"मी सगळ्यांचेच तपासले. सतरा ते वीस. तू मोजलं आणि काही हललं नव्हतं, की मोजलंच नाही?"

"हे बघ, आवाज खाली."

"आई, सांग ना."

प्रणिता पलंगाच्या कडेवर बसली. "नऊ दिवस झाले. सतराच्या झाकणावर मंडपवाल्यानं प्लायवूडची थप्पी लावून ठेवली. रोज म्हणते, भाऊ, उचला. रोज म्हणतो, उद्या उचलतो ताई. अठरा, एकोणीस, वीस मेन गेटच्या रस्त्यावर, तिथं खाऊचे स्टॉल उभे झाले. आता मी काय स्टॉल फोडू? फोनवर जागा रिकामी सोडली तर रिपोर्ट पुढे जात नाही. परत येतो, साहेब ओरडतात. मी लागली तेव्हा गेडाम बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, रिकामं ठेवायचं नाही, निरंक टाकायचं. सगळे टाकतात. कोणत्याही ऑफिसात जा. सांगण्यासारखं काही नाही, लिहा निरंक."

"सांगण्यासारखं काही नाही आणि पाहिलंच नाही, यात फरक नाही का?"

"कागदावर कधीच नव्हता," प्रणिता म्हणाली. आणि मग, जणू तिचं तिलाच ऐकू आल्यासारखं, ती उठली. कपाटातून टेपची पेटी काढली. "चाल."

मैदानावर पावणेतीनला स्पीकरची तपासणी चालू होती. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." लाल-पिवळ्या मंडपाखाली खुर्च्यांच्या रांगा. स्टेजवर मोनल घागरा सावरत गिरकी घेत होती. शलाकाला पाहून तिनं जीभ काढून दाखवली.

प्लायवूडच्या थप्पीसाठी बाबांना बोलवावं लागलं. नितेश पिंपळशेंडे खुल्या खाणीत डंपर चालवायचा, वजन उचलायला तो दुसऱ्याची वाट पाहणाऱ्यातला नव्हता. मंडपवाला "अहो भाऊ, कार्यक्रम झाल्यावर" म्हणेपर्यंत निम्मी थप्पी बाजूला झाली होती. झाकण निघालं. आतून गरम वाफाळ वास आला, जळक्या कोळशाचा.

प्रणितानं वजन सोडलं. टेप सरसर जायला लागली. कडी अडतीस मीटरवर होती. पाच, आठ, अकरा.

टेप ढिली पडली.

"वाजलं नाही," शलाका म्हणाली.

"अडकलं." प्रणितानं वर ओढलं, पुन्हा सोडलं. अकरा मीटर. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा तिनं वजन आपटून पाहिलं, तर खालून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला. ती तशीच उकिडवी बसून राहिली, टेप दोन्ही हातांत धरून.

"आई?"

"पाइप वाकला," ती हळूच म्हणाली. "सरळ पाइप आपोआप वाकत नाही. जमीन बाजूला सरकली की वाकतो. ट्रेनिंगला दाखवलं होतं एकदा. फोटोत."

नितेशनं मंडपाकडे पाहिलं. लोक यायला लागले होते. आज्या सतरंज्या घेऊन पुढच्या रांगा धरत होत्या. "मग सांगू ना हेडसरांना."

हेडसरांना सांगून झालं, दोन मिनिटांत. हेडसर म्हणाले, "पाटी हिरवी आहे, पिंपळशेंडे. प्रमुख पाहुणे निघाले आहेत. पाटी लाल झाली तर मी स्वतः मंडप रिकामा करतो." आणि ते हारांकडे वळले.

तिघं पुन्हा पाइपापाशी आले. नितेशनं कपाळाचा घाम पुसला आणि एकदम म्हणाला, "सोपं आहे ना. फोन काढ, प्रणिता. सतरापुढे नव्वद टाक. साठच्या वर गेलं की लाल होते. भोंगा वाजते, लोकं पळतात. उद्या कोणी विचारलं तर म्हणू, मोजलं तेव्हा नव्वदच होतं. तुझी नोकरीही वाचते, माणसंही वाचतात."

प्रणितानं फोन काढला सुद्धा. शलाका पाहत राहिली. खरंच किती सोपं होतं! आकड्याच्या डब्यात आकडा. भूकान खूश, खडूस आत्याही खूश.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "नव्वद टाकलं तर माझी चाळणी पण पकडणार नाही. नव्वद हा आकडाच आहे ना! तिला फक्त प्रकार कळतो, खरंखोटं नाही."

"मग चांगलंच आहे ना बे!"

"नाही चांगलं. लाल झाल्यावर रस्ता कोण ठरवतं? भूकान. ते म्हणणार, सतरा वाईट, अठरा-एकोणीस-वीस शून्य, म्हणजे एकदम मजबूत. ते सगळ्यांना मेन गेटनं काढणार. अठरा-एकोणीस-वीसवरून. सहाशे माणसं, एकाच वेळी, पळत. आणि तिथं खाली काय आहे ते आपल्याला माहीतच नाही."

स्पीकरवर गाणं लागलं. प्रणिताचा अंगठा फोनवर तसाच टेकलेला होता.

"मग काय करायचं?" ती म्हणाली. तिनं नवऱ्याला नाही, पोरीला विचारलं. शलाकाला ते कळलं.

तिनं आसुटकर मॅडमना फोन लावला.

मॅडमनी पहिलं वाक्य हसत ऐकलं. दुसऱ्याला हसू थांबलं. एकतीस म्हटल्यावर पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "दोनशे बाराच्या दोनशे बारा असं मी भर सभेत सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "बरं. नीट ऐक. पाटी माझ्या सहीनं बदलता येते, भूकानाला न विचारता. पण त्याला एकच आधार लागतो. ज्या निरीक्षकाचा बिंदू आहे, त्यानं लेखी द्यायला हवं की आकडे मोजलेले नाहीत. मुलीच्या प्रोग्रॅमवर मी भोंगा वाजवला तर पाच मिनिटांत वरून कुणीतरी बंद करेल. तुझी आई देईल लिहून?"

फोन स्पीकरवर होता. नितेश खाली बघायला लागला. प्रणिताची नोकरी लागायला सात वर्षं गेली होती. कायम व्हायला अजून आठ महिने होते. हे त्या तिघांना माहीत होतं.

"लिहिल्यावर परत घेता येत नाही, ताई," मॅडम हळू म्हणाल्या. "चौकशी होईल."

"तीन वाजून दहा झाले," प्रणिता म्हणाली. "सांगा, कुठे पाठवू?"

तिनं तिथंच, झाकणाच्या कडेवर बसून टाइप केलं. शलाकानं खांद्यावरून वाचलं. 'मी, प्रणिता नितेश पिंपळशेंडे, बिंदू सतरा ते वीस, गेले नऊ दिवस मोजले नाहीत. निरंक लिहिले. आज सतरा मोजायला गेले तर वजन अकरा मीटरवर अडकले. बाकी तीन मला माहीत नाहीत.' सही म्हणून अंगठा दाबला. निरोप गेला.

"शलाका," मॅडमचा आवाज आला, "आता तुझी चाळणी सांग. मैदानाच्या आसपास कुठले बिंदू खरे मोजलेले आहेत?"

"नऊ ते चौदा. पश्चिमेला. तिथं केबल आहे, सगळे पास."

"मग पश्चिमेनं काढा. मेन गेट बंद करा. माणसं हळू चालली पाहिजेत, धावायचं नाही. मी लावते भोंगा."

पश्चिमेला शाळेचं मागचं छोटं फाटक होतं, आणि फाटकासमोर जेवणाच्या कंत्राटदाराचा टेम्पो आडवा उभा होता. नितेश तिकडे धावला. शलाकानं आजवर बापाला एवढ्या जोरात पळताना पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर चहाला गेलेला. नितेशनं काचेतून हात घातला, हँडब्रेक काढला आणि चार पोरांना हाक मारून टेम्पो ढकलत नेला. भाजीचं पातेलं आत सांडलं. त्यावर ड्रायव्हर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात भोंगा वाजला.

आधी सगळे हसले. कुणाला वाटलं कार्यक्रमाचाच भाग. मग कुणीतरी चौकातली पाटी पाहिली आणि अख्खा मंडप एकदम मेन गेटकडे वळला, सवयीनं. मेन गेटच्या आत प्रणिता उभी होती, हात आडवे पसरून, लग्नाला नेसावी तशी साडी नेसलेली. "इकडून नाही! मागच्या फाटकानं! चालत जा, चालत!"

"हिचं काय चाललंय बाप्पा?"

"आमचा रस्ता आहे हा, बाजूला हो!"

"बाई, मुलं आहेत आमची!"

"मुलं आहेत म्हणूनच तिकडून!" प्रणिता ओरडली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे वसाहतीला त्या दिवशी कळलं. शलाका स्टेजवर चढली आणि माइक हिसकावला. हिसकावलाच, कारण सूत्रसंचालक देत नव्हता. "सगळ्यात मागची रांग आधी. मग तिच्या पुढची. आजीबाईंना हात द्या. सतरंज्या राहू द्या तिथंच. राहू द्या म्हटलं ना, आजी!"

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं रांग धरली गेली.

मोनल शेवटी उतरली, घागरा दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांतून काजळ ओघळलेलं. "एक महिना प्रॅक्टिस केली मी," ती दातओठ खात म्हणाली. "तुझ्या त्या आत्यानं घालवला माझा डान्स. खाली काही झालं नाही ना, तर बोलणार नाही मी तुझ्याशी."

"चालेल," शलाका म्हणाली. "चाल आधी."

पावणेचारला मैदान रिकामं झालं. सहाशे माणसं पश्चिमेच्या रस्त्यावर, कोळशाचे ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या शेडखाली दाटीवाटीनं उभी. चार वाजले. सव्वाचार. काहीच झालं नाही. स्पीकर बंद करायला कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे रिकाम्या मंडपात गाणी वाजत होती. लोकांची कुजबुज मोठी व्हायला लागली. "पिंपळशेंडेची पोट्टी लयच शहाणी झाली." "माय तर म्हणे मोजायलाच जात नाही, पगार घेते." प्रणिता ऐकत होती. पदर खांद्यावर घट्ट ओढून ती सगळ्यांसमोर उभी राहिली, मागे गेली नाही. शलाकाला वाटलं, काहीतरी व्हावं. आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःची भीतीही वाटली.

चार वाजून बावीस मिनिटांनी गाणं मधेच थांबलं.

आवाज मोठा नव्हता. पोत्यातून धान्य ओतावं तसा, लांबलचक. स्टेजचा उजवा कोपरा आधी गेला. मग मंडप वाकला, खुर्च्या एकमेकींवर घसरत मधल्या खड्ड्यात जमा व्हायला लागल्या, आणि धुळीचा पांढरा ढग उठला. तडा तिथं थांबला नाही. तो मैदानातून मेन गेटकडे गेला, खाऊच्या स्टॉलखालून, अठरा, एकोणीस, वीसवरून, आणि गेटचा एक खांब हळूच आत घेऊन गेला.

शेडखाली मोनलनं शलाकाचा हात धरला आणि इतका दाबला की बांगडी फुटली.

रविवारी सकाळी प्रणिताच्या फोनवर निलंबनाचा आदेश आला. दुपारी आसुटकर मॅडमचा निरोप शलाकाला आला. बाकीच्या सत्तावीस निरंक बिंदूंवर त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पिवळा रंग लावला होता, तिथल्या घरांतली माणसं हलवली होती. चाळणी त्यांनी मागून घेतली होती. उद्यापासून भूकानाच्या दारात ती बसणार होती, आणि शून्याऐवजी 'मोजलं नाही, कारण अमुक' असा वेगळा डबा होणार होता. चौकशीसाठी आता पूर्ण यादी हवी होती. बिंदू, तारखा, निरीक्षकाचं नाव. सोमवारी अकरापर्यंत. साइटवर नावं नसतात, पण प्रत्येक निरोपात निरीक्षकाचा क्रमांक असतो, आणि कार्यालयाबाहेर लावलेल्या निरीक्षकांच्या यादीशी तो क्रमांक ताडून नाव काढायला शलाकाला पाच मिनिटं लागली होती. अकरा माणसं. दुसऱ्या ओळीत, सहा निरंकांसह, मोनलचे बाबा.

यादीची बातमी वसाहतभर झाली आणि फुलझेले काका पाच वाजता आलेच. चहा घेतला नाही. दारातच उभे राहून म्हणाले, "पोरी, जागा दे यादीत. नावं कायले देतं? जागा महत्त्वाच्या ना? माझ्या घरी तीन लेकरं आहेत, तुले माहीत आहे." आणि शलाकाकडे न बघता गेले.

दार लावल्यावर आई म्हणाली, "नावं काढून टाक. मला जे व्हायचं ते झालं. अजून दहा घरांत तेच कशाला?"

"काऊन?" बाबा भडकले. "मैदानात हात पसरून उभी राहिली ती, आणि गुन्हेगारही तीच? बाकीचे मजेत? टाक सगळी नावं. ठळक अक्षरात टाक."

"त्यांची पोरं हिच्याच वर्गात आहेत, अहो."

"मग हिची आई कोणत्या वर्गात आहे?"

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. शलाका टॅब मांडीवर घेऊन बसली होती. तिनं तो मिटला. आवाज थरथरेल असं तिला वाटलं होतं, पण तो सरळच निघाला.

"नावं जाणार," ती म्हणाली. "सगळीच्या सगळी, आईच्या नावासकट. पण उद्या अकराला. आत्ता साडेपाच झालेत, आणि मी निघाले. दहाही घरी मी स्वतः जाणार आणि तोंडावर सांगणार की यादीत तुमचं नाव आहे, हे एवढे दिवस, हे बिंदू. अकराच्या आत ज्यांना आपलं आपण लिहून द्यायचं आहे, त्यांनी द्यावं. आईनं दिलं तसं. लिहून दिलेलं मी यादीच्या वर ठेवीन. नाही दिलं तर नुसतं नाव जाईल. कुणी दार लावून घेतलं तर दाराबाहेरून सांगीन."

"पोरी, लोकं शिव्या देतील तुले," बाबा म्हणाले.

"हाव, देऊ देत," शलाका म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या. "पहिलं घर मोनलचं. आई, तू येणार असशील तर चाल, नाहीतर मी एकटी जाते."